पट्टा खाली ठेवू का?

गडहिंग्लज, १९७८

शिवाजी पेठेतल्या वस्ताद मीरासाब यांना सयाजीचा मुजरा.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. शिक्षण कमी, त्यात हात कापतो, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे.

तुम्ही शिकवलेले दांडपट्ट्याचे हात मी परवापर्यंत रोज अंगणात करत होतो. दसऱ्याला भर गर्दीत माझ्या तळहातावर लिंबू ठेवून तुम्ही म्हणाला होता, "हात हालला तर चूक तुझी, न्हाय हालला तर माझी." लिंबाच्या दोन फाका झाल्या, कातडीला ओरखडासुद्धा नाही. तसा हात मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही.

परवा माझं पातं भरकटलं आणि नातीच्या कानाजवळून गेलं. सून ओरडली, "मामंजी, आता बास करा की! पोरगी जाईल एखाद दिवशी." तिचं खरं आहे. पण वस्तादांनी हाती दिलेलं हत्यार त्यांच्या हुकमाशिवाय कायमचं ठेवायचं नाही, ही तालमीची रीत.

कालपासून दोनदा हे पत्र घेऊन पोस्टापर्यंत गेलो आणि तुम्ही "ठेव" म्हणाल या धास्तीनं परत आलो, म्हणून या शेवटच्या ओळी आज जोडतो आहे. तरी वस्ताद, तुमची तब्येत कशी आहे आणि मी काय करू, एवढं लवकर कळवा.

तुमचाच पठ्ठ्या,
सयाजी