तुझी गंगाजळी

आई, आज ऑफिसात मी तुझी गंगाजळी वापरली आणि ती माझीच म्हणून खपवली. मोहालीला नव्या मुलांना शिकवायचं काम हल्ली माझ्याकडे आहे. साऱ्या जगातले देश स्वतःचं चलन सोडून डॉलरच का साठवतात, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरेना. मग तुझा देव्हाऱ्यातला गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू सांगितला. ते पाणी रोज प्यायचं नसतं, निकडीच्या वेळेसाठी जपायचं असतं. सगळे तेच पवित्र मानतात म्हणून घरोघरी तेच. बाकीच्यांनी ते लांबून, कष्टाने आणायचं. ज्याच्या दारातच नदी, म्हणजे जो डॉलर छापतो, त्याने नुसता गडू बुडवायचा. उद्या नदीवाल्याने पाणी अडवलं तर, या भीतीने काही जण आता गडूशेजारी सोनंही ठेवतात, ही भर तेवढी माझी.

तू गेलीस त्याच्या आदल्या वर्षी इकडे माझ्या मनीमाजऱ्याच्या घरी आली होतीस. ऑफिसातली मित्रमंडळी चहाला आलेली, रुपया घसरल्याच्या गप्पा चाललेल्या. ज्युनियर कॉलेजात जन्मभर मराठीतून अर्थशास्त्र शिकवलेली तू, आपला विषय ऐकून पोह्यांची बशी हातात घेऊनच बाहेर येतेस. "बेटा, हर देश की गंगाजळी होती है," असं म्हणतेस. आपल्याकडे पेपरातसुद्धा परकीय चलनाच्या साठ्याला हाच शब्द. त्यांना मात्र ऐकू येतं ते मरणाऱ्याच्या तोंडात घालायचं पाणी. "आंटी जी, गंगाजल? घर में सब ठीक तो है?" सगळे हसतात. सगळ्यात मोठ्याने मी. वर म्हणते, "आई, तू राहू दे, तुला नाही कळायचं." मराठीत म्हणाले, त्यामुळे ते लागलं फक्त तुलाच. ज्या बाईने तोच गडू दाखवून मला हा विषय शिकवला, तिला मी हे म्हणाले. तू "बरं" म्हणालीस आणि आत जाऊन पोहे पुन्हा गरम केलेस. परत जाईपर्यंत माझ्या मित्रांशी "चाय लोगे?" यापलीकडे बोलली नाहीस.

आज एका मुलीने विचारलं, "मॅम, ये कहाँ पढ़ा आपने?" मी म्हणाले, "बस, ऐसे ही सूझ गया." त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, आई, पण टाळ्या वाजून झाल्यावर.

उद्या दुसरी बॅच आहे. तिथे तुझं नाव घेईन, हे तुला कळवायला म्हणून लिहायला बसले होते. नक्की घेईन, असं मात्र अजून लिहवत नाही.