भाऊकाकांच्या कूलरला भिंत नाही

करंजआळी, नंदाखालच्या पुढे,
फेब्रुवारी संपता संपता

चि. दिवाकर यास,

श्रीरंगदादाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे माझी कंबर आणि मनोरमाचा राग सोडून. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? गोळी वेळेवर घेतोस ना? (हे मी वसुंधरालाही विचारणार आहे, तुझ्या उत्तरावर माझा भरवसा नाही.) विरारहून इथे यायला अर्धा तास लागत नाही आणि दादा पत्र काय लिहितोय, असं तुला वाटेल. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. रविवारीही असतोस. आणि परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला तासभर खपून एवढा मजकूर लिहिला, तर तू नुसता अंगठा पाठवलास. आपली आजी आयुष्यभर अंगठाच उठवायची, पण ती निदान आधी वाचून दाखवा म्हणायची. म्हणून हे कागदावर. आता बसून वाच.

भाऊकाकांच्या वर्षश्राद्धाला आळीतल्या शाळेत त्यांच्या नावानं पाण्याचा कूलर बसवायचा तुझा बेत वाचला आणि माझे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही. तुझे वडील म्हणून तुला ते आठवत असतीलच, पण काका म्हणून मलाही कमी आठवत नाहीत. दर पंधरा ऑगस्टला वेलची केळ्यांचा अख्खा लोंगर खांद्यावर टाकून ते शाळेत यायचे आणि प्रत्येक पोराकडून एक पाढा म्हणून घेतल्याशिवाय केळं द्यायचे नाहीत. (मला सतराचा पाढा कधी आला नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी दबलेलं केळं यायचं.) तेव्हा कूलर द्यायला माझी ना नाही. पण तू ते शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून मला विचारलं आहेस, आणि अध्यक्षाला पुढचं-मागचं बघावं लागतं. हे अध्यक्षपद मला कसं मिळालं तेही एकदा सांगून टाकतो, कारण तुमच्या विरारमध्ये मी निवडणूक लढवली अशी बातमी आहे म्हणे. अध्यक्ष हा पालकच असावा लागतो. बाकीचे बहुतेक पालक केळीच्या वाड्यांमध्ये मजुरीला येणारे, सकाळी उजाडायच्या आत कामाला लागणारे. त्यांना सभेला बसायला वेळ नाही. आळीतला पालक म्हणशील तर मी एकटा. आमची मुलगी पूर्वी इतकी उशिरा झाली की शाळेत सोडायला गेलो की मला आजोबा म्हणतात, आणि मी दुरुस्त करायचं कधीच सोडलं आहे. अशा रीतीनं मी बिनविरोध निवडून आलो. मत द्यायलाही कोणी नव्हतं.

तर कूलर. दिवाकर, अडचण अशी आहे की शाळेत भिंत शिल्लक नाही. तू म्हणशील दादा थट्टा करतो. गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला, तू मीटिंगमध्ये होतास, त्या दिवशी सगळ्यांना शाळेचं असं भरतं आलं की ज्याला त्याला आपल्या घरच्या गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी द्यायचं होतं. कोणी काय द्यायचं हे आधी ठरवावं असं संपदाबाई, आपल्या शाळेच्या मास्तरीण, बिचाऱ्या सांगत होत्या, पण दानशूर माणसाला कोण थांबवणार? घड्याळंच इतकी आली की आता एकाच खोलीत वेगवेगळ्या वेळा वाजतात आणि मुलं मधली सुट्टी सोयीच्या घड्याळावर धरतात. कपाटं आली. कपाटांत ठेवायला काही नाही, म्हणून एका कपाटात दुसऱ्या कपाटाच्या किल्ल्या ठेवल्या आहेत. सरस्वतीच्या तसबिरी दोन. भारताचा नकाशा पूर्वी दारासमोर असायचा, तो आता अर्धा कपाटामागे गेला आहे. केरळ दिसत नाही. आणि पंखे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ. मुलांना तो पंखा, हा पंखा असं सांगता येत नाही, म्हणून ती सरळ नावानंच बोलतात. बाई, रखमाबाई लावू का? बाई, रखमाबाई फार आवाज करते, आबांना लावा. (रखमाबाई आपली चुलत आत्या. जिवंतपणीही तिच्याबद्दल हीच तक्रार होती.) भाऊकाकांचा कूलर आला की दुसऱ्याच दिवशी एखादं पोर ओरडत येणार की भाऊकाका गळतायत. तुला चालणार असेल तर मला काय.

पण हसण्यावारी नेऊ नकोस, या नावांचा एक उपयोग झाला. आपल्या वाडीत शत्रुघ्न म्हणून कामाला आहे, बिहारकडचा, भला माणूस. त्याची मुलगी पहिलीला आहे. घरात मराठीचा गंध नाही. ती पोर दिवसभर मान वर करून पंख्यांकडे आणि कपाटांकडे बघायची. संपदाबाईंना वाटलं लक्ष नाही. एक दिवस तिनं फळ्याकडे पाठ करून मोठ्यानं वाचलं, स्मरणार्थ. अजून तिला कमळ, बदक धड येत नव्हतं, आणि पहिला शब्द वाचला तो हा. बाईंना इतका आनंद झाला की त्या हेलनला, म्हणजे आपल्या खिचडी शिजवणाऱ्या बाईला, चूल सोडून आत घेऊन आल्या आणि पोरीला तो परत वाचायला लावला. पुढचा घोटाळा मात्र कोणाच्या ध्यानात आला नाही. त्या मुलीला वाटलं, कुठल्याही वस्तूवर नाव घालायची हीच रीत. पुढे लिहायला येऊ लागलं, आणि अक्षर तिचं मोत्यासारखं. तिनं मोठ्या प्रेमानं सगळ्या मुलांच्या वह्यांवर नावं घालून दिली. आमची पूर्वी घरी आली, दप्तर उघडलं, आणि मनोरमानं वही बघितली. वहीवर लिहिलेलं होतं, कु. पूर्वी हिच्या स्मरणार्थ. पुढचं मी लिहीत नाही. त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही आणि मला हसू आवरलं नाही, याची शिक्षा मी अजून भोगतो आहे.

आता मूळ गोष्ट. शाळेचा पट विसाच्या खाली गेला की ती दुसऱ्या शाळेत मिसळायची, असं वरून घाटतंय. आपली शाळा त्या यादीत आहे. म्हणून पंचायत समितीच्या एक अधिकारी बाई पाहणीला येणार असं कळलं आणि अख्खी आळी पेटून उठली. श्रीपतअण्णा पुढे. शाळा बंद होऊ देणार नाही, डोक्यावर टोपी, खिशात भाषण. बाईंना ऊन लागू नये म्हणून अण्णांनीच त्यांना सकाळी लवकर बोलावलं. आम्ही सगळे माजी विद्यार्थी शाळेच्या फाटकाशी उभे, सोनचाफ्याचा हार, नारळ, शाल. बाईंचा पत्ता नाही. अर्धा तास झाला. अण्णा म्हणायला लागले, सरकारी माणसांना वेळेची किंमत नाही. आणि इकडे बाई वेळेवर आलेल्या होत्या. त्यांची गाडी आळीच्या तोंडाशी अडकली होती, कारण पुढे पिवळी बस उभी होती. इंग्लिश शाळेची. आपली आळी केवढी रुंद ते तुला माहीत आहे, बस आली की मांजरालाही मागे फिरावं लागतं. तर त्या बाई गाडीत बसून, काच खाली करून, एकेका घरातून एकेक पोर टाय लावून बाहेर येतं, आजी डबा देते, बसमध्ये चढतं, हे सगळं शांतपणे बघत होत्या. आमची पूर्वी सोडून आळीतली सगळी मुलं. एकही सुटलं नाही. आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही बसची वेळ आहे. ती बस आम्हाला आता दिसतच नाही रे. वाऱ्या-पावसासारखी झाली आहे, येते नि जाते.

बाई आल्या त्या हातात पाण्याची निळी बाटली घेऊन. बसच्या पायरीवरून कोणाची तरी खाली पडली होती. हार गळ्यात पडला, अण्णांचं भाषण झालं. या मातीनं, या शाळेनं आम्हाला घडवलं, आमच्या काळजाचा तुकडा, असं बरंच. अण्णांचा आवाज दोनदा भरून आला. तो खोटा नव्हता, हे तुला सांगतो. मग बाईंनी सगळ्या भेटवस्तू बघितल्या, घड्याळांसमोर जरा थांबल्या, आणि जाता जाता विचारलं, ही बाटली कोणाची? अण्णा पुढे झाले आणि कौतुकानं म्हणाले, अहो ही आमच्या नातवाची, अनुजची, पोर भारी वेंधळं आहे. बाईंनी बाटली त्यांच्या हातात दिली. फाटकाशी इतके लोक होते, पण त्या वेळी फक्त रखमाबाईचा आवाज येत होता.

निघताना मला अध्यक्ष म्हणून बाजूला घेऊन म्हणाल्या, जूनपर्यंत मी थांबवू शकते, तोपर्यंत पट दाखवा, वस्तू नकोत. बाई वाईट नाहीत. आणि मी आळीतल्या कोणालाही वाईट म्हणत नाही. ज्याला त्याला आपलं पोर पुढे जावं असं वाटतं, आणि पुढे म्हणजे ती बस जाते तिकडे, असं सगळ्यांनी धरलं आहे. संपदाबाई दोन-दोन इयत्ता एका खोलीत शिकवतात आणि चांगलं शिकवतात, पण त्यांच्या दारात बस येत नाही. शाळा मिसळली तर आळीतल्या कोणाचं काही बिघडणार नाही. बिघडेल ते वाडीतल्या मजुरांच्या पोरांचं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत त्यांना सोडायला कोण जाणार? त्यांचे आईबाप तेव्हा आपल्याच केळींना पाणी लावत असतात. ती पोरं दोन दिवस जातील, मग जाणार नाहीत, मग आपल्या बांधावर बसून राहतील. आपण सगळ्यांनी आपल्या गेलेल्या माणसांची सोय त्या शाळेत केली, दिवाकर, पण आपल्या जिवंत पोरांची दुसरीकडे केली. मला याचा राग येतो आणि राग कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढतो आहे. तू धाकटा आहेस.

कूलर तूर्त घेऊ नकोस. वसुंधराला आशीर्वाद, आर्याचा गालगुच्चा घे. मे महिन्यात तुमच्या वाटणीचं घर राहायला तयार होईल, गवंड्याला मी रोज ओरडतो आहे.

तुझा,
श्रीरंगदादा

ता. क. एवढं लांबण लावलं ते कशासाठी, हे तू ओळखलंच असशील, पण तू अंगठा पाठवणारा माणूस, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही मे महिन्यात आळीत राहायला येणार. आर्या आणि पूर्वी एकाच वर्षाच्या. जूनमध्ये आर्याचं नाव आपल्या शाळेत घाल. भाऊकाकांच्या नावानं काही द्यायचंच असेल तर त्यांची नात दे. एक आलं की दुसरं येतं, मी अण्णांच्याही मागे लागलो आहे. आणि जरा माझ्या स्वार्थाचंही सांगतो. पूर्वी तिच्या इयत्तेत एकटीच आहे. परवा परीक्षेचे गुण मिळाले तेव्हा ती येऊन म्हणाली, बाबा, मी पहिली आले, आणि शेवटचीही मीच आले. मी हसलो. ती हसली नाही.

ता. ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर मनोरमाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग पदराला हात पुसत म्हणाली, पत्र छान झालंय, पण पिवळ्या बसमध्ये दोन सीटा सांगून ठेवल्या आहेत, गेल्या महिन्यातच. एक पूर्वीची, एक आर्याची. तिनं आणि वसुंधरानं मिळून ठरवलं. म्हणजे आपण दोघं इथे शाळा वाचवतो आहोत आणि घरात निकाल लागलेला आहे. मी रागावणार होतो, पण ती म्हणाली की माझी पोर दोन वर्षं एकटी बसते आहे, तिला शेजारी कोणीतरी हवं, मला बस नको आणि इंग्लिशही नको. तेव्हा दिवाकर, दोघी शेजारी बसणार हे ठरलेलं आहे, त्यात बदल नाही. कुठे बसणार एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेही जूनपर्यंत. मी मनोरमाशी बोलेन, तू वसुंधराशी बोल. फक्त तू आधी बोल. माझा धीर होत नाही.