नर खेकड्याची ग्रंथी

३ फेब्रुवारी
मशीनमध्ये कपडे टाकताना बाबांच्या पायजम्यावर रक्ताचा डाग दिसला. विचारलं, तर म्हणाले, "मूळव्याध असेल." डाग पुढच्या बाजूला होता. मी मशीन सुरू केलं. आई असती तर तिने खडसावून विचारलं असतं.

४ फेब्रुवारी
दिवसभर नर खेकडे. बर्फात गार करायचे, कवच उचलायचं, जननग्रंथी अलगद सोडवून तिच्यातली प्रथिनं वेगळी काढायची. प्रथिनं वेगवेगळी दाखवणाऱ्या जेलवर तीच निळी पट्टी पुन्हा उमटली. बीजाला जंतूंपासून जपणारं प्रथिन हेच असावं. माझ्या गाईड मॅडम खूश — "सुटलं बाई तुझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण!"
मला हसू आलं नाही. खेकड्यांच्या ग्रंथी बिनदिक्कत कापते, आणि जन्मदात्याला एक प्रश्न विचारायचा तर जीभ रेटत नाही.

७ फेब्रुवारी
बाबा बाथरूममध्ये नळ सोडून ठेवतात. कण्हलेलं ऐकू येऊ नये म्हणून.

१८ फेब्रुवारी
शेवटचं प्रकरण मॅडमना दिलं. जेवताना बाबांना सांगितलं. बराच वेळ भात चिवडत बसले. मग म्हणाले, "तुझ्या त्या खेकड्यांना... म्हातारपणी काही होतं का गं? त्या ग्रंथीला?"
"खेकड्यांचं माहीत नाही. माणसांना होतं. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, तिचं एक प्रथिन रक्तात उतरतं. तपासता येतं."
"सुई टोचतात?"
"सुईच फक्त."
"मग जाऊ."
बापलेकीत हे बोलणं पहिल्यांदा झालं — तेही खेकड्यांच्या आडून.

२१ फेब्रुवारी
रक्तातल्या त्या प्रथिनाचा आकडा भलताच वर गेलाय. बाबांना म्हटलं, "थोडा जास्त आहे." आयुष्याची उमेदीची वर्षं प्रथिनांत घालवली, आणि बापाशी बोलता आलं ते एवढंच.

२७ फेब्रुवारी
बाबांच्या ग्रंथीचा तुकडा काढून तपासायला दिला. हाडांचा स्कॅनही झाला. घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "आता कळलं तुझ्या खेकड्यांचं दुःख." दोघंही हसलो. मग मी बाहेर बघत राहिले.

५ मार्च
कर्करोग. मणक्यापर्यंत गेलाय.
डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"
"वर्ष होत आलं."
"आणि आत्ता येताय?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हिचा प्रबंध अर्ध्यावर होता. म्हटलं, तेवढा होऊ दे."