मागे सरकलेली पट्टी

प्रिय आई,

फोनवर तू 'मजेत आहे' म्हणतेस, मीही 'मजेत' म्हणते आणि दोन मिनिटांत आपलं बोलणं आटपतं. म्हणून आज पत्र. हसू नकोस, अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

माझी खोली म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. काम घरूनच. कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं, सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. काम काय, तर तुझ्या भाषेत 'हिरवी पट्टी'. ऑनलाइन कोर्समध्ये किती शिकून झालं ते दाखवणारी. आमच्याच चित्रकलेच्या कोर्सला तू नाव नोंदवलंस, तेव्हा मी ऑफिसच्या ग्रुपवर केवढी मिरवले होते! तुझी पट्टी पूर्ण भरली त्या दिवशी तू आपणहून फोन केलास, भरभरून बोललीस. तो फोन मला अजून पुरतोय.

त्यानंतर तू गप्पच झालीस. परवा दादा म्हणाला, आईने घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन टाकलीय, एकटी बाहेर पडत नाही. म्हणते, आजी शेवटी कुणाला ओळखेना, तसंच माझं सुरू झालंय, शिकलेलं सगळं पुसलं जातंय, पट्टीच दाखवते की! मी लगेच तुझा कोर्स उघडून पाहिला. भरलेली पट्टी पाऊणवर आलेली, आणि तू बिचारी पहिल्या धड्यापासून पुन्हा सगळं करत बसली होतीस. तरी ती मेली हलत नव्हती.

आई, तू काहीही विसरलेली नाहीस. आम्ही कोर्सच्या शेवटी नवे धडे जोडले, एवढंच. धडे वाढले की पट्टी मागे सरकते, झालेले धडे पुन्हा केले तरी पुढे जात नाही, आणि तशी ती मीच केली होती. लोक गोंधळतील, असं मीटिंगमध्ये एकजण म्हणालाही. मी तावातावाने भांडले, की पट्टीने खरं तेच दाखवावं. पलीकडे कुणी एकटं बसून घाबरेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काल मी ती बदलली. भरलेली पट्टी आता भरलेलीच राहते, नवे धडे खाली वेगळे दिसतात. हे फोनवर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, पोर समजूत घालतेय. म्हणून लिहून पाठवतेय. शंका आली की पुन्हा काढून वाच. आता ऊठ, काकूंकडून किल्ली आण, कुलूप तुझ्या हाताने लाव आणि कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून ये. मग मला फोन कर. 'मजेत आहे' म्हणू नकोस. मीही म्हणणार नाही.

तुझंच,
शेंडेफळ