नावाड्याचं नाणं

॥ माता पानायाची कृपा ॥
आनो लिथारी,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. थेक्ला हिस तिच्या आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला असता, पण मला ऐकू येत नाही म्हणून मी तो मोठ्या आवाजात लावते आणि मग अख्खी गल्ली खिडकीशी येते. ही गोष्ट गल्लीची नाही.

काल तुझ्या बाबांना कबरीतून वर काढलं. पाच वर्षं उलटून गेली होती, जागा दुसऱ्याला हवी होती आणि पाद्रीबाबांचे दोन निरोप येऊन गेले होते. तुझ्या शाळेच्या परीक्षा, त्यामुळे तू नव्हतीस. हाडं अगदी स्वच्छ निघाली, मेणासारखी पिवळी. पोलिक्सेनी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की थिमियोस सरळ माणूस, म्हणून अशी निघाली, वाकड्या माणसाची काळी निघतात. मला ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खणायला लिआस होता. संग्रहालयातली पहारेकऱ्याची नोकरी गेल्यापासून गावच्या कबरी तोच खणतो आणि तोच उकरतो. आमच्या लग्नात डोक्यांवर माळा धरणारा, त्या नात्याने मला कुंबारा म्हणणारा, तुला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर उचलणारा माणूस, पण साडेसात वर्षांत मी त्याच्याशी शब्द बोलले नव्हते. कालही मी लांबच उभी होते. त्याने कवटी दोन्ही हातांनी उचलली, तुला उचललं होतं तशीच, आणि वाइनने धुवायला घेतली. जबडा सुटला आणि त्याच्या तळहातावर काहीतरी पडलं. त्याने ते अंगठ्याने पुसलं. मग ते डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. माझ्याजवळ आला, ती वस्तू माझ्या मुठीत दिली, माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटवली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला की कुंबारा, हे तुझ्या नवऱ्याचं नावेचं भाडं, कुणाला दाखवू नकोस, एप्रनच्या खिशात टाक. मग उरलेली हाडं धुवत बसला.

काय पडलं ते मला ठाऊक होतं, कारण मीच ते ठेवलं होतं. बाबा गेला त्या दिवशी त्यांना आंघोळ घालून कपडे चढवले आणि पोलिक्सेनी अडून बसली की तोंडात नाणं नसेल तर मेलेल्यांचा नावाडी खारोन पैलतीराला नेणार नाही. मी पन्नास सेंट पुढे केले तर माझ्यावरच डाफरली, नावाडी जुन्या काळचा आहे, त्याला हे नवं नाणं चालायचं नाही, काहीतरी जुनं आण. बाबांच्या जाकिटाच्या आतल्या खिशात एक घडी केलेला कागद होता आणि त्यात एक काळं, बारकं नाणं. चष्मा जवळ नव्हता, डोळे रडून सुजलेले. जुना द्राख्मा असेल म्हणून मी तेच जिभेखाली ठेवलं.

काल घरी येऊन चष्मा लावला. वाइनने काळेपणा गेला होता. एका बाजूला खडकावर बसलेला शिंगवाला देव, बकरीच्या पायांचा. थेक्ला, हे तेच आहे. संग्रहालयातल्या खिडकीजवळच्या कपाटातलं, वर्तमानपत्रात ज्याचा फोटो आला होता, जे चोरलं म्हणून लिआसची नोकरी गेली, तेच. मी तिथेच फरशीवर बसले आणि चुलीवरची घेवड्याची भाजी करपून कोळसा झाली.

बाबा गेला त्या रविवारी, चर्चची वाट वरून असताना, तो खालच्या झऱ्यापाशी का पडलेला सापडला, हे एक कोडं मी पाच वर्षं बाळगून आहे. आता हे दुसरं. माझ्या माणसाच्या खिशात ते नाणं काय करत होतं? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

कळावे. माझा जीव तुझ्यावर आहेच, तू मात्र बाबावरची माया एवढ्यात आटवू नकोस.
तुझी आई,
एवान्थिया


थेसालोनिकी,
शुक्रवार, १४ मार्च २०२५

ती. आईस थेक्लाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत उघडलं ही चूक झाली. वाचून मी इतकी हादरले की शेजारच्या बाईंनी पाणी आणून दिलं. चक्कर आली म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

आई, कोडंबिडं काही नाही. दोघंही संग्रहालयात कामाला, कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या, लिआसकडे आणि बाबांकडे. लिआसने घेतलं नाही हे आता दिसतंच आहे. मग राहिलं कोण? माझे बाबा, जे मला जमिनीतला खापराचा तुकडासुद्धा उचलू द्यायचे नाहीत! म्हणायचे, हा आपला नाही, आपल्या आधीच्यांचा आहे. त्यांनी मित्राला चोर ठरू दिलं आणि खिशात चोरी घेऊन दोन वर्षं जेवले, झोपले, नाताळला माझ्याशी पत्ते खेळले. माझा अजून विश्वास बसत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आपल्याच घरात दिली.

आणि मी काय केलं ते आठवतंय ना? अंत्ययात्रेला लिआस फुलं घेऊन आला होता. चोराची फुलं माझ्या बाबांच्या पेटीवर पडणार नाहीत, असं मी दारात उभी राहून साऱ्या गावासमोर म्हणाले. तो फुलं भिंतीवर ठेवून निघून गेला. त्याची पाठ मला आज दिवसभर दिसते आहे.

तरीही ऐक. कुणाला काही सांगू नकोस. अशा वस्तू घरात सापडल्या तर कायदा कडक आहे. तुझी म्हातारपणी चौकशी होईल आणि मेलेल्या माणसाचं नाव वर्तमानपत्रात येईल. बाबांची पेटी अजून हाडांच्या खोलीतल्या फळीवर चढली नसेल, तर नाणं तिच्यातच परत ठेव आणि झाकण लावून घे. लिआस स्वतःच म्हणाला ना, कुणाला दाखवू नकोस? मग झालं तर. नाणं ज्या कागदात होतं तो जपून ठेवला असशील तर बघ, त्यावर काही लिहिलेलं असलं तर जाळून टाक.

मी काय लिहिते आहे ते मला कळतं आहे. तुझं पत्र आलं त्याच सकाळी नववीच्या वर्गात मी विषाचा पेला पिणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्यावर अन्याय करण्यापेक्षा तो सोसलेला बरा, असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. एका मुलीने विचारलं की बाई, तुम्ही प्यायला असता का? सगळा वर्ग हसला, मीही हसले.

उत्तर बसवाल्याकडे दे, टपालाला आठवडा लागतो. तू रागावशील, पण मला टाकू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
थेक्ला


॥ माता पानायाची कृपा ॥
आनो लिथारी,
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. थेक्ला हिस आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर एक कानपिळीही. वि. वि.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! वर्गात पोरांना विषाचा पेला शिकवायचा आणि आईला लिहायचं की झाकण लावून घे? अगं, त्या म्हाताऱ्याची गोष्ट मीही चौथीत शिकले आहे. त्याच्या मित्रांनीही त्याला असाच मागच्या दाराने पळ म्हणून सल्ला दिला होता. पण तुझ्यावर फार तोंड टाकत नाही, कारण तुझं ऐकूनच मी कागद शोधायला उठले, आणि हो, जाळायलाच उठले होते.

तो कुठे होता ऐकशील तर कपाळाला हात लावशील. मूर्तींच्या फळीवरचा तेलाचा दिवा डगमगतो ना? बाबांच्या हातचा कागद टाकवेना, वाणसामानाची यादी असेल असं वाटून त्या दिवशी मी त्याची आणखी एक घडी घालून तो दिव्याखाली दाबला. पाच वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्यासमोर उभी राहून छातीवर क्रूस काढते आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

काडी पेटवली, पण चष्मा नाकावर होता म्हणून आधी उलगडला. संग्रहालयाच्या तिकिटाची मागची बाजू, तेलाने पारदर्शक झालेली. अक्षर बाबांचं. जसंच्या तसं उतरवते.

१८ जानेवारी २०२०, शनिवार. फरशीच्या सडक्या फळ्या काढताना सापडलं. खिडकीकडच्या कपाटाचा मागचा पाय, त्याखालच्या फटीत. कुणी चोरलंच नव्हतं. सोमवारी कचेरीत देणे. आधी लिआस.

काडीने माझं बोट भाजलं तेव्हा मी भानावर आले. थेक्ला, तुझा बाबा गेला १९ तारखेला, रविवारी सकाळी. खालच्या झऱ्याच्या वाटेवर लिआसशिवाय कुणाचं घर आहे? बाबा दोन वर्षं त्या वाटेला गेला नव्हता. त्या दिवशी चर्च सोडून मित्राकडे निघाला होता, नाणं खिशात घेऊन, आणि शंभर पावलं उरली असताना पडला. आणि मी काय केलं? मित्राला सोडवणारी एकुलती एक वस्तू मी माझ्या हाताने बाबांच्या तोंडात घातली आणि वर माती लोटली. चोर कुणी असेल तर मी आहे. एका माणसाची पाच वर्षं मी चोरली.

काल मी त्या वाटेने गेले. लिआस पायरीवर बसून रानभाजी निवडत होता. मी नाणं आणि कागद दोन्ही त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्याने कागद वाचला, सुरी खाली ठेवली आणि पुन्हा वाचला. मग शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवून एवढंच विचारलं की हे थिमियोसच्याच हातचं आहे ना? मी हो म्हटलं. कुंबारा, तू आता घरी जा, असं म्हणून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मला तो रडतो आहे की संतापला आहे ते कळेना. बहिरीला दाराबाहेरून काय कळणार?

उद्या आम्ही दोघं जाऊन संग्रहालयाच्या बाईंच्या हातात नाणं आणि कागद देणार आहोत. मला धरून नेलं तर नेऊ देत. पोलिक्सेनी आता म्हणते की लिआस चोर नाही असं तिला पहिल्यापासून वाटतच होतं. नाणं तिच्या तोंडात ठेवायला हवं होतं, जिवंतपणी.

त्याला पत्र लिही. मी सांगते म्हणून नव्हे, तुला लिहावंसं वाटेल तेव्हा.

कळावे. रागावले तरी लोभात खोट नाही.
तुझी आई


थेसालोनिकी,
सोमवार, २४ मार्च २०२५

माझे धर्मपिता लिआस यांस,

मायना काय लिहावा ते सुचत नाही. नमस्कार लिहावा तर माझा नमस्कार तुम्ही का घ्यावा? तरी तो लिहिते.

दर ईस्टरला तुम्ही मला मेणबत्ती पाठवत होता आणि मी ती न उघडता परत करत होते. फुलांचं तर मी नावही काढू शकत नाही. माफ करा असं लिहिणं फार स्वस्त वाटतं. मला हवं ते बोला, वाटलं तर गावासमोर बोला. फक्त उत्तर द्या.

तुमची म्हणवून घ्यायची हिंमत नाही, पण तुमचीच,
थेक्ला


आनो लिथारी,
बुधवार, २ एप्रिल २०२५

चि. थेक्ला हिस तिच्या नोनोचे, धर्मपित्या लिआसचे आशीर्वाद, साठून राहिलेले सगळे एकदम. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, फावड्यासारखं लिहीन. नाणं दिलं. संग्रहालयाच्या बाईंनी तुझ्या आईला खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं आणि कुणी कुणाला धरून नेलं नाही. माझ्यापाशी त्यांनी माफी मागितली, नोकरीवर परत येतोस का म्हणून विचारलं. मी म्हटलं की मला आता मेलेल्यांची सवय झाली आहे, ते पाठीमागे बोलत नाहीत. कॉफीच्या दुकानात मी शिरलो की सगळे उठून उभे राहतात. साडेसात वर्षं कुणी शेजारी बसत नव्हतं, आता कुणी बसूच देत नाही. माणसं विचित्रच.

तुझ्या सात मेणबत्त्या माझ्याकडे खोक्यात आहेत. यंदाची आठवी. टपालाचा खर्च मी आता करणार नाही, स्वतः येऊन घेऊन जा.

बाबांच्या पेटीत मी पाद्रीबाबांच्या हातून पन्नास सेंट ठेववले आहेत. नावाड्याला चालत नसेल तर तो येईल माझ्याशी भांडायला.

एक गोष्ट मात्र तुझ्या आईला सांगितली नाही, तुला सांगतो. नाणं माझ्या हातावर पडलं त्या शनिवारी मी काय समजलो? तेच, जे तू समजलीस. थिमियोसने घेतलं आणि मला बुडवलं. त्याची हाडं धुताना मी त्याला मनात शिव्या घालत होतो, पोरी. एप्रनच्या खिशात टाक म्हणालो ते माझा मोठेपणा म्हणून नाही, माझाच मित्र चोर होता हे मला गावाला कळू द्यायचं नव्हतं म्हणून. तुझी आई कागद घेऊन येईपर्यंत अकरा दिवस मी त्याला चोर म्हणत होतो, आणि तो तर माझ्याच दाराकडे येता येता मेला होता. चाळीस वर्षांचा मित्र, आणि एवढंसं नाणं पुरलं मला. गावाला साडेसात वर्षं मी शिव्या दिल्या, पण गावाने केलं तेच मी केलं.

तेव्हा तुझी माफी मी काय ठेवून घेऊ? ती ठेवायला माझ्याकडे जागा नाही. मला थिमियोसची माफी मागायची आहे आणि तीनदा हाडांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन मी परत आलो. एकट्याने आत पाऊल पडत नाही. तुझ्या पत्रावरून वाटतं, तुलाही त्याच्याकडे काम आहे. ईस्टरला ये. आपण दोघं बरोबर जाऊ.

येताना फुलं तू आण. मागच्या वेळी मी आणली होती.
तुझा,
नोनो लिआस