रेमीच्या खोलीसकट माझे घर

मी, गोडेलिव्ह फान होव्ह, वय वर्षे एकोणऐंशी, कै. अल्फोन्स ऊर्फ फोन्स यांची पत्नी, राहणार गेल, बेल्जियम, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसा दिला नाही, म्हणून ही घाई. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मनाने आजारी माणसांना घरात ठेवून घेतात, तिथे शहाणपणाचा दाखला मागणे जरा गमतीचेच आहे. पण कायदा ब्रुसेल्सचा आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. एकच होते, आणि ते फोन्स जिवंत असतानाचे.

कलम १. राहते घर, मागची बाग, कोंबड्यांसह खुराडे आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी वेर्ला हिला मिळावी. मात्र वरच्या मजल्यावरची बागेकडची खोली श्री. रेमी कॉपन्स यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत राहील. घर विकले तरी हा हक्क सुटत नाही, हे मी नोटरीसाहेबांकडून दोनदा वदवून घेतले आहे.

रेमी कोण हे गावाला सांगायला नको, कागदाला सांगते. तो आमचा बिऱ्हाडकरू. आम्ही 'रुग्ण' म्हणत नाही. सत्ताविसाव्या वर्षी इस्पितळातून एक पेटी घेऊन आमच्या दारात आला, त्याला आता चौतीस वर्षे झाली. त्याला कानात आवाज ऐकू येतात. दिवस बरा असला की तो त्यांना "नंतर बोलू" असे सांगतो आणि कोंबड्यांना दाणे टाकायला जातो. दिवस वाईट असला की पडदे ओढून घेतो. अशा वेळी दाराबाहेर कॉफी ठेवायची आणि दार वाजवायचे नाही.

कलम २. चांदीचे बारा चमचे आणि शिलाई यंत्र हेही वेर्लालाच. या दोन वस्तू मला माझ्या आईकडून आल्या, आणि त्यांच्याबरोबर इर्मा आली. इर्मा आईची बिऱ्हाडकरू, तिने मला अंगाखांद्यावर खेळवले. आई गेली तेव्हा इर्मा तिची उशी काखोटीला मारून आमच्याकडे राहायला आली, आणि शेवटपर्यंत राहिली. कोणी कागद केला नाही. मी नोटरीसाहेबांना म्हटले, तसेच रेमीचे लिहून द्या. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, माणूस मृत्युपत्रात देता येत नाही." ते बाहेरचे, गेंट शहराचे आहेत, त्यांचा दोष नाही.

खोलीचा हक्क कागदावर आला, पण त्याने भागत नाही. आमच्या सेवाकेंद्राची परिचारिका नेल हिने स्पष्ट सांगितले आहे, की घरात त्याच्यासोबत कोणी राहणारे असेल तरच रेमी इथे राहू शकेल. नाहीतर एकसष्टाव्या वर्षी त्याला नवे घर शोधावे लागेल. मी गेल्यावर त्याचे काय, हा एकच घोर माझ्या जिवाला आहे. बाकी सगळे मी हसत सोडून जाईन.

कलम ३. फोन्सची सुतारकामाची हत्यारे रेमीला द्यावीत. फक्त मोठी करवत शेजारच्या पाउला स्नेयर्सकडे राहील. हे रेमीनेच सुचवले. "ती माझ्याकडे नको, सगळे दिवस सारखे नसतात," असे तो म्हणाला. हवी तेव्हा तो तिच्याकडून मागून आणील. पाउलाने त्या वेळी "कशाला हवी" असे विचारत बसू नये. गप्पा मारल्या तर चालतील, त्याशिवाय ती राहायचीही नाही.

कलम ४. दिवाणखान्यातले घड्याळ माझा चुलतभाऊ हुबर्ट याने आजवर तीनदा मागितले आहे. ते चर्चच्या सभागृहाला द्यावे. हुबर्टने आपल्या मुलीच्या लग्नात रेमीचे ताट आत स्वयंपाकघरात मांडले होते. आम्ही नवराबायकोनेही तिथेच जेवून घेतले आणि केक न खाता घरी आलो. त्याला बावीस वर्षे झाली. मी क्षमा केली आहे, पण घड्याळ देणार नाही.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, माझ्या चुकीचे आहे. वेर्लाने ते लिहायला परवानगी दिली आहे.

चार वर्षांपूर्वी नवरा सोडून गेल्यावर वेर्ला दर रविवारी अँटवर्पहून येऊ लागली. आली की कोट न काढताच कोचावर पडून राहायची. मी आपली समजत होते की ऑफिसच्या कामाने पोरगी पिचली आहे. रेमीने सूपमध्ये दोनदा मीठ घातले की मी नेलला फोन लावणारी बाई. पोटच्या पोरीचा उतरलेला चेहरा मात्र मला दिसला नाही. ज्या घरात आजारी माणसाची खोली ठरलेली असते, तिथे दुसरे कोणी आजारी पडेल असे मनातच येत नाही. ही चूक आमच्याच गावात होऊ शकते.

एका रविवारी ताटल्या पुसता पुसता रेमी म्हणाला, "मॅडम, वेर्लाला बरं नाहीये."

"दमलीय ती," मी म्हटले.

"दमलेला माणूस घड्याळाकडे बघतो. ती कुठंच बघत नाही. मी तसाच बसायचो."

मला राग आला. तीस वर्षांत जे कधी तोंडातून निघाले नव्हते ते निघाले. "तू तू आहेस, आणि ती माझी मुलगी आहे." त्याने फडके घडी करून ठेवले आणि तो वर गेला. जेवायलाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेर्लाला फोन करून सरळ विचारले. ती म्हणाली, "आई, मला वाटलं, आपल्या घरात ती जागा रेमीची आहे."

आठ महिने उपचार झाले. आज ती आहे, ती रेमीमुळे आहे. मी त्याच्यापुढे जाऊन माफी मागितली. त्याने दुपारी जेवायला काय आहे ते विचारले.

कलम ६. आता मुख्य कलम. गेल्या महिन्यात मी वेर्लाला विचारले, की माझ्या पश्चात इथे राहायला येशील का, रेमीला सांभाळशील का. ती म्हणाली, "आई, मी स्वतःलाच जेमतेम सांभाळते. तू त्यालाच विचार, मी चालेन का." म्हणून हे कलम मी उलटे लिहीत आहे. रेमी वेर्लाकडे राहणार नाही. माझी मुलगी वेर्ला हिला मी श्री. रेमी कॉपन्स यांच्या हवाली करीत आहे. हे कायद्यात बसत नसेल तर नोटरीसाहेबांनी हे कलम खोडावे, फक्त वाचता येईल इतपत खोडावे.

रेमीची संमती घेतली आहे. विचारल्यावर तिसऱ्या दिवशी बागेत वाफे खणताना तो कुदळ टेकवून उभा राहिला.

"मी आलो तेव्हा तुम्ही सहा महिने मला काही विचारलं नाहीत," तो म्हणाला. "नुसतं जेवायच्या वेळी जिन्याखालून हाक मारायचात. मी आलो नाही तरी दुसऱ्या दिवशी परत मारायचात."

"हो," मी म्हटले.

"तेवढं मला जमेल."

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

सही: गोडेलिव्ह फान होव्ह

साक्षीदार:
१. पाउला स्नेयर्स, शेजारीण
२. नेल व्हरमीर, परिचारिका

स्थळ: गेल
दिनांक: ७ मार्च २०२३