पान एकशे बारा

मंगळवार, ५ ऑगस्ट
शिफ्ट संपवून गाडीतच लिहितेय. क्लासला वीस मिनिटं आहेत. आज वर्गसमीकरणांची टेस्ट.

या ब्रिजिंग कोर्सचं दुसरं पुस्तक म्हणजे नुसती खिचडी. बीजगणित, भूमिती, प्रॉबॅबिलिटी, सगळं एकाच आठवड्यात. आपल्याकडे निदान दोन वेगळी पुस्तकं असायची. माझ्या हातात दोन्हींपैकी एकही आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पास झाले तर युनिव्हर्सिटीत प्रायमरी टीचिंगला अर्ज करता येईल. नाही तर चाइल्डकेअरची नोकरी आहेच. वाईट काम नाही ते, पण सात वर्षं झाली.

सकाळी निखिलला स्टेशनवर सोडलं. उतरता उतरता म्हणाला, "काही अडलं तर विचार, सोप्पं असतं गं ते." इंजिनियर नवऱ्याचं हे 'सोप्पं' एक दिवस मी त्याच्या डब्यात भरून देणार आहे.

पान ११२ डोळे मिटून म्हणता येतंय. आयताची लांबी रुंदीपेक्षा ३ ने जास्त, क्षेत्रफळ ४०. शेवटच्या वाक्यासकट पाठ. चला.

गुरुवार, ७ ऑगस्ट
हेलनने थांबवून घेतलं. हेलन म्हणजे आमच्या बाई, साठीच्या असतील. इथे सगळे नावाने हाक मारतात, माझी जीभ अजून वळत नाही.

माझा पेपर समोर ठेवला. सुंदर अक्षर, एकही पायरी चुकलेली नाही. रुंदी ५, लांबी ८. फक्त प्रश्न तो नव्हताच. पेपरात ४ ने जास्त होतं, आणि क्षेत्रफळ ६०. मी 'रेक्टँगल' वाचलं आणि हात सुटला.

"मधुरा, हे पान एकशे बारा आहे. वर्ड फॉर वर्ड. नोट्स होत्या का तुझ्याजवळ?"
"नो. बाय हार्ट."
"पूर्ण पान?"

तिला खरंच कळेना. माणूस असं का करेल, असा चेहरा. मग म्हणाली, सॉरी, पण मला रिपोर्ट करावं लागेल. पुढच्या गुरुवारी मीटिंग. कॉपी केली असं ठरलं तर कोर्समधून नाव कमी.

कॉपी! मी! आयुष्यात कधी चिठ्ठी नेली नाही. राग जास्त की लाज, ते अजून ठरत नाहीये.

शनिवार, ९ ऑगस्ट
मीटिंगचा ईमेल घरच्या आयडीवर आला. निखिलने माझ्या आधी वाचला. पोहे पुढ्यात तसेच.

"हे काय आहे?"

सांगितलं. मग एक सांगितलं म्हणून दुसरंही सांगून टाकलं. दहावीला मी सामान्य गणित घेऊन पास झाले. घेऊन कसलं, दिलं मला. नववीच्या शेवटी सरांनी आम्हा सहा मुलींना वेगळं बसवलं. बीजगणित-भूमिती यांना झेपायची नाही, शाळेचा निकाल पडेल. फॉर्मवर खूण त्यांनीच केली, आईने सही केली. मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

"पण तुझ्या बायोडेटात..."
"बायोडेटात टक्के लिहितात, निखिल. कशाचे ते कोण विचारतं?"
"नऊ वर्षं सांगितलं नाहीस मला."
"तू सगळ्याला सोप्पं म्हणतोस म्हणून."

उठला आणि लॉन कापायला गेला. इथल्या ऑगस्टच्या हिवाळ्यात, ओल्या गवतात. मशीन तीनदा बंद पडलं.

मंगळवार, १२ ऑगस्ट
कामावर पहाटेची ड्युटी. मुलं यायच्या आधी मागच्या अंगणाचं कुंपण तपासायचं, फाटक हलवून बघायचं, कुठे फट दिसली तर लिहायचं. हे काम मला डोळे मिटून येतं, पण डोळे उघडेच ठेवावे लागतात. दोन वर्षांचं पोर कुठूनही निसटतं.

निखिल फार नीट वागतोय. चहा करून देतोय. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी क्लासला गेले. हेलन नेहमीसारखी हसली, मला वर बघवलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट
मीटिंग. हेलन आणि एक कोऑर्डिनेटर, टाय लावलेला. काय म्हणायचंय, असं विचारलं. इंग्रजीतली वाक्यं तयार करून नेली होती, ती सगळी विसरले. हीसुद्धा गंमतच.

म्हटलं, कोरा कागद द्या.

पान ११२ लिहून काढलं. मग कुणी सांगितलं नव्हतं तरी ११३ पण. आकृतीचा नंबर, स्वल्पविराम, सगळं. तो पुस्तकात बघायचा, माझ्या कागदात बघायचा. शेवटी पुस्तक मिटलं. "फेअर इनफ," म्हणाला.

जिंकले असं वाटलं. अर्धा मिनिट.

मग हेलन हळूच म्हणाली, "गणित करावं लागू नये म्हणून तू हे पाठ केलंस, हो ना?"

मला तिचा इतका राग आला! आणि डोळे भरून आले, ते वेगळंच. कारण खरं होतं. नववीपासून मी हेच करत आलेय.

निकाल असा: कॉपी केली नाही हे मान्य म्हणे, पण गणित येतं का ते बघू. मंगळवारी एकच प्रश्न, हेलनने स्वतः काढलेला, कुठल्याही पुस्तकात नसलेला. त्यावर राहणं किंवा जाणं.

मंगळवार, १९ ऑगस्ट
झालं. पार्किंगमध्ये आहे, बोटं गार पडलीत.

प्रश्न: शेडच्या भिंतीला लागून कोंबड्यांसाठी आयताकृती कुंपण. भिंतीच्या बाजूला जाळी नको. जाळी एकूण २० मीटर, क्षेत्रफळ ४८ हवं, भिंत १० मीटर लांब. मापं काढा.

पहिली दहा मिनिटं डोक्यात पानं उलटत बसले. ११२, ११८, १३१. कुठेच नाही. हेलन खिडकीबाहेर बघत होती.

मग चित्र काढलं. वेडंवाकडं. दोन बाजू x, तिसरी २० वजा २x. पुढे हळूहळू...

पूर्ण केलं. पण शेवटी जे लिहिलंय ते गणितात चालतं का, देव जाणे.

बुधवार, २० ऑगस्ट
नाश्त्याला निखिल म्हणाला, "प्रश्न सांग ना." सगळा सांगितला, भिंतीसकट. टोस्ट खात खात पाकिटाच्या मागे सोडवला. दोन मिनिटं.

"चार किंवा सहा."
"मी फक्त सहा लिहिलं."
"का? चारही येतं की. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस. अगं, वर्गसमीकरणाला दोन..."

माझा हात आपोआप कच्च्या कागदाकडे गेला, पेन घेऊन. खोडायलाच.

थांबले.

"बारा मीटरची बाजू दहा मीटरच्या भिंतीला कशी लावशील? दोन मीटर फट राहते. कोंबड्या जातील बाहेर."

त्याने पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाला, "भिंतीचं मी ऐकलंच नाही."
"मीही रेक्टँगलच्या पुढचं वाचलं नव्हतं."

हसला. मी पण. शनिवारनंतर पहिल्यांदा. स्टेशनवर उतरताना दार बंद करता करता म्हणाला, "अवघड होतं गं."

पेपरात कारण म्हणून मी एवढंच लिहिलंय, माझ्या इंग्रजीत: चार घेतलं तर कोंबड्या पळतील.

गुरुवार, २१ ऑगस्ट
पावणेसात. हेलनचा ईमेल आलाय. विषयात नुसतं माझं नाव. उघडलेला नाही.

ती ठेवेल की काढेल, माहीत नाही. सहा बरोबर आहे. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पुस्तकाच्या मागच्या उत्तरांतही छापलेलं नाही.

मुलं सातला येतील. आधी कुंपण बघून येते.